मढवींचे तीन फ्रीज

नरेंद्र मढवी यांचं दुपारचं जेवण आमच्या ऑफिसच्या तीन मजल्यांवरच्या तीन फ्रीजमध्ये असायचं. भात दुसऱ्या मजल्यावर, कालवण तिसऱ्यावर आणि तांदळाच्या भाकऱ्या चौथ्यावर. भाकरी फ्रीजमध्ये कोण ठेवतं, असं मी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. ते म्हणाले, "मग काय कालवनाशेजारी ठेवू? तो फ्रीज बसला तर दोनी जातील."

जेवायची सुट्टी झाली की हा पन्नाशी ओलांडलेला माणूस जिन्यानं चौथ्यावर जायचा, भाकरी घ्यायचा, तिसऱ्यावर उतरून कालवण घ्यायचा आणि भातापर्यंत पोचायचा तेव्हा घामाघूम झालेला असायचा. तोवर आमची जेवणं उरकत आलेली. शिवाय कालवण म्हणजे बहुतेकदा जवळा, नाहीतर सुके बोंबील. कशाला कुठला फ्रीज, हे ते महिन्याला बदलायचे, एकाच मजल्यावर अन्याय नको म्हणून. त्यामुळे आमच्याकडे असा एकही मजला उरला नव्हता जिथं फ्रीज उघडताना नाक दाबावं लागत नव्हतं. एचआरनं मेल टाकला, तर मढवींनी उत्तरात लिहिलं की वास सगळ्यांना सारखा वाटला गेला आहे, कुणा एकावर भार नाही. यावर माणसानं काय बोलावं, सांगा.

माझी खुर्ची त्यांच्या शेजारी आहे. दुसरं काय, भोग. महापेला आमची कंपनी आहे. पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट लोकांच्या मोबाईलवर पोचवायचे, हा आमचा धंदा. तुमची शुगर वाढली का कमी झाली हे तुम्हाला रिक्षात बसल्या बसल्या कळतं ना, ते आमच्यामुळे. प्रोग्राम मी आणि माझी टीम लिहिते, आणि ते ज्या मशीनवर चालतात त्या मशीन मढवी सांभाळतात.

त्यांचं काम सोपं करून सांगता येईल, ते स्वतः कधी सांगत नाहीत ती गोष्ट वेगळी. प्रत्येक प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका बंद खोक्यात भरायचा. त्याला कंटेनर म्हणतात. मग त्याच खोक्याच्या चार-सहा नकला काढायच्या आणि त्या वेगवेगळ्या मशीनवर ठेवायच्या. आमच्या मशीनचे तीन गट आहेत, तीन वेगळ्या इमारतींत, प्रत्येकाची वीज वेगळी. सगळी खोकी एकाच गटात ठेवली आणि नेमकी तिथलीच वीज गेली, की बसा बोंबलत. म्हणून पसरून ठेवायची. इथपर्यंत कुणालाही पटेल.

कुठलं खोकं कुठं जाईल हे एक सॉफ्टवेअर ठरवतं, पण त्याला नियम घालून दिलाय मढवींनी. सगळ्यात भरलेला गट आणि सगळ्यात रिकामा गट यांच्यात फरक फक्त एका खोक्याचा. आणि नियमात बसणारी जागा मिळालीच नाही तर? तेही त्या सॉफ्टवेअरला आधी सांगून ठेवावं लागतं. एक तर 'नियम थोडा मोड, पण खोकं कुठंतरी ठेव' म्हणायचं, नाहीतर 'नियम मोडू नकोस, खोकं ताटकळू दे' म्हणायचं. आता डोकं ठिकाणावर असलेला माणूस अडीअडचणीला पहिलं म्हणेल. मढवींनी सगळीकडे दुसरं लिहिलंय.

"एका जागी ढीग नको," हे त्यांचं पालुपद. बोलताना दोन्ही हात पसरून हवेतच काहीतरी सारवल्यासारखं करतात. मीटिंगमध्ये आम्ही चौघी एका बाजूला बसलो तरी त्यांना चैन पडत नाही. "पांगा जरा, एका जागी ढीग नको." वाचायचे चष्मे तीन, तीन मजल्यांवर, त्यामुळे वाचायची वेळ आली की हातात एकही नसतो आणि मग, "सुजाता, जरा बग काय लिवलंय." ऑफिसची सहल कर्जतला गेली तेव्हा गाड्यांची वाटणी यांच्याकडे दिलेली. मी एका गाडीत, माझा नवरा दुसरीत आणि आमची पाच वर्षांची पोरगी तिसरीत, तीही अकाउंटवाल्यांबरोबर. मी भांडायला गेले तर म्हणतात, "एका गाडीला काय झालं, तर घरातलं कोनीतरी मागं रायला नको?" पोरगी पनवेलपर्यंत रडली. आम्ही तिघंही सुखरूप पोचलो, पण नवरा दिवसभर माझ्याशी बोलला नाही, जसं काही मढवी माझ्या माहेरचे.

त्यांच्या कोपरखैरण्याच्या घराची एक किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असायची. एक त्यांच्या खिशात आणि एक शिरवण्याला मोठ्या भावाकडे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, त्यामुळे खिशातली किल्ली हरवली तर आतून दार उघडायला कुणी नाही, हे मला समजतं. पण खिशातली किल्ली हा माणूस सारखी हरवायचा, आणि तीही मी रजेवर असताना. मग माझा ड्रॉवर कुलूपबंद आणि त्या ड्रॉवरची चावी माझ्याबरोबर लग्नाच्या हॉलमध्ये. असले सगळे प्रकार.

हे सगळं ऑफिसपुरतं असतं तर मी सोसलं असतं. पण मी राहते जुईनगरला, आणि माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो किशोर, मढवींचा धाकटा भाऊ. त्यामुळे त्यांच्या घरातली वाटणीही मला रोज बघावी लागली.

मढवी मूळचे शिरवण्याचे, तिथल्या जुन्या गावकऱ्यांपैकी. मोठे भाऊ बबनदादा अजून गावात राहतात, नरेंद्र कोपरखैरण्याला आणि किशोर आमच्यासमोर. वडील गेल्यावर आईनं कुठं राहायचं असा विषय निघाला, तेव्हा मढवींनी दोन्ही भावांना बसवून नियम केला. तिघांकडे चार-चार महिने, फरक एका दिवसाचा. पाळी संपली की मढवी रिक्षा घेऊन हजर, आईची बॅग उचलतात आणि पुढच्या घरी पोचवतात. एकदा आजींना ताप होता. मी म्हटलं, राहू दे की दोन दिवस. तर म्हणाले, "दोन दिवस नाय. मग तिकडचे दोन कमी होतात."

हिराआजी, म्हणजे त्यांची आई, हे एक वेगळंच प्रकरण आहे. ऐंशीच्या घरात असतील, पण गॅलरीत पेपर पसरून जवळा वाळत घालायला उभ्या राहिल्या की सोसायटीचा सेक्रेटरी खालूनच परत जातो. मी सुरुवातीला तक्रार करायला गेले होते. परत येताना माझ्या हातात वाटीभर जवळ्याची चटणी होती. मी कराडची, आमच्याकडे हे असलं कुणी खात नाही, पण त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. त्यांचा मुक्काम समोर असला की मला बरं वाटायचं, उगाच कशाला खोटं बोला.

या वर्षी किशोरच्या बायकोची बदली नाशिकला झाली. त्यांनी फ्लॅटला कुलूप लावलं आणि सगळेच तिकडे गेले. लवकरच परत येणार, असं मला सांगून गेले. मोठ्या भावाकडची पाळी संपत आली होती आणि पुढची पाळी किशोरची होती. मी मढवींना विचारलं, आता आजींचं काय? म्हणाले, "किशोर पुढच्या आठवड्यात येतोय." त्या पुढच्या आठवड्यातही तो पुढच्याच आठवड्यात येणार होता.

अशात आमच्या ऑफिसात तो प्रकार झाला. रिपोर्ट मराठीत वाचता यावा म्हणून मी नवीन प्रोग्राम लिहिला होता. त्यात माझा जीव गुंतला होता, कारण माझ्या सासूला इंग्रजी रिपोर्ट बघून उगाच धडकी भरते. तो त्या दिवशी सुरू व्हायचा होता. सकाळी बघते तर सहापैकी दोनच खोकी जागेवर लागलेली, आणि तेवढ्यावर प्रोग्राम सुरू करता येत नाही. बाकीच्या चारांसमोर एकच शब्द, पेंडिंग.

"दादा, माझी खोकी अडकलीत."

"अडकली नाय, थांबलीत," मढवी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. "तिसऱ्या गटात कायच नाय. आदी तिथं जायला पायजेत."

"तिसरा गट दुरुस्तीला बंद आहे. तुम्हीच काल बंद केलाय."

"हो."

"मग तिथं जाणार कशी?"

"नाय जानार. तो चालू झाला की जातील."

मी मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. "बाकीचे दोन गट अर्धे मोकळे आहेत दादा. माशा मारतायत मशीन."

"त्यांच्या वाट्याचं त्यांच्याकडं हाय. त्यांच्यावर जास्त कशाला?"

"मग बंद गट मोजायचाच कशाला? दोघांतच वाटा की."

आता मात्र त्यांनी खुर्ची वळवली. "बंद हाय म्हंजे नाय, असं थोडंच हाय? तो परत येनार. त्याची जागा धरून ठेवायला लागते. एकदा बाकीच्यांनी त्याचं उचललं ना, की तो चालू झाला तरी ते त्याच्याकडं परत जात नाय. जिथं हाय तिथंच रातं, आणि हा रिकामा पडतो."

तांत्रिकदृष्ट्या ते खरं होतं, हाच तर वैताग. आमचं सॉफ्टवेअर एकदा ठेवलेलं खोकं आपणहून हलवत नाही. पण म्हणून लोकांनी रिपोर्टची वाट बघत बसायचं? मी म्हटलं, तुम्ही नियमासाठी काम करता का कामासाठी नियम?  पाण्याच्या तीन बाटल्यांपैकी एकीतलं पाणी ते प्यायले आणि कामाला लागले. माझा प्रोग्राम त्या दिवशी सुरू झाला नाही. साहेबांसमोर नाक माझं कापलं गेलं. मी संध्याकाळी निघताना त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दिवेलागणीला घरी पोचले तर किशोरच्या कुलूपबंद दारासमोर, जिन्याच्या पायरीवर हिराआजी बसलेल्या. शेजारी बॅग आणि मांडीवर जवळ्याची पिशवी.

"आजी, इथं काय करताय?"

"किशोरची पाली लागली ना," त्या म्हणाल्या.

"पण किशोर नाशिकला आहे."

"म्हायती हाय मना. नरू म्हनतो येल, येल. मी म्हटला, आपून जाऊन बसू. कदीतरी येलच."

मी त्यांना उठवून घरात आणलं. पाय सुजले होते. दुपारीच एकट्या रिक्षानं आल्या होत्या, शिरवण्यात कुणाला न सांगता. मी चहा टाकला आणि हळूहळू सगळं कळलं. बबनदादांची सून बाळंत होऊन घरी आली होती. घर पाहुण्यांनी भरलेलं. आजी बाहेरच्या खोलीत, सोफ्याशेजारी अंथरूण टाकून झोपत होत्या, बॅग भरलेलीच ठेवून. कुणी काही बोललं नव्हतं. "बोलाला कनाला पायजे," आजी म्हणाल्या, "दिसतं ना मना. येता-जाता माज्या पायात अडकतात लोकां."

"मग नरेंद्रकडे जायचं. त्यांचं घर तर रिकामं आहे."

"त्याची पाली कुठं हाय?" त्यांनी मला असं विचारलं, जसं काही मीच गाढव आहे.

माझं टाळकं सटकलं. मी मढवींना फोन केला. म्हटलं, तुमची आई किशोरच्या दारात पायरीवर बसली होती, आता माझ्या घरात आहे, या. एवढंच बोलून फोन ठेवला.

ते आले तेव्हा शर्ट एका बाजूनं बाहेर आलेला होता, दम लागला होता. आजी आत माझ्या सासूशी बोलत होत्या. मी मढवींना आत येऊच दिलं नाही. दारातच धरलं. जे सकाळी बोलायचं राहिलं होतं तेही सगळं त्यात आलं. म्हटलं, दादा, खोकी ताटकळली तर मी समजू शकते, त्यांना सुजायला पाय नाहीत. आई आहे ती तुमची. तीन घरं आहेत आणि ती जिन्यात बसते. तुमच्या घरी एक खोली रिकामी आहे, वरण-भात शिजवायला गॅस आहे, मग कसली पाळी आणि कसला फरक? लाज नाही वाटत? वयानं मोठे आहेत, पण मी बोलले.

मढवी चप्पल न काढता तिथंच उभे राहिले. मग खाली बघत म्हणाले, "तुला वाटतं मना ती जड होते?"

त्यांनी दाराची चौकट धरली.

"आट महिने मी एकटा असतो, सुजाता. कामावरनं गेलो की घरात टीवी लावतो, बगत नाय, नुसता लावतो. ती आली की चार महिने घरात कोनतरी खोकतं, भांडी आपटतं, मना शिव्या देतं. बारा महिने ठेवायला मना काय झालं असतं?" त्यांनी बाहेर आलेला शर्ट आत खोचला. "पन मी ठेवली असती ना, तर बाकीचे दोगं सुटले असते. वाईट नायत ते. पन माणूस सुटतो. वर्षातनं एकदा आले असते, मिठाईचा पुडा घेऊन, पावन्यासारखे. मग ती फक्त माजी आई राहिली असती. तिला तीन पोरं हायत. तिला तिगं पायजेत. म्हनून किशोरची जागा धरून ठेवली. मी एकदा उचलली की ती परत किशोरकडं जानार नाय, मना म्हायती हाय."

सकाळचं ते खुर्ची वळवून बोललेलं मला आठवलं. इतका वेळ मी ज्याला हट्ट समजत होते, त्याच्या मागे हे होतं. आणि खरं सांगायचं तर तरीसुद्धा माझा राग गेला नव्हता. हेतू कितीही चांगला असला तरी म्हातारी पायरीवरच बसली होती ना?

माझ्याऐवजी उत्तर आतून आलं. हिराआजी भिंतीला धरत बाहेर आल्या होत्या.

"तीन पोरां हायत ते मना म्हायती हाय," त्या म्हणाल्या. "मीच काढलीत. तू कनाला मोजतं?"

"आये, तू आत बस."

"नाय बसत. किशोर येल तवा येल. आला की मी त्याच्या घरान पन जाईन, तुजी रिक्षा नको, माजी मी जाईन. पन तवर मना कुठंतरी टेकू दे, नरू. बॅग भरून मी थकलू."

मढवींनी मान वर केली नाही. त्यांचे दोन्ही हात उगाच हवेत थोडे उघडले, नेहमी ढीग पसरायला उघडतात तसे. मग वाकून त्यांनी बॅग उचलली. आजींनी जवळ्याची पिशवी मात्र माझ्या सासूच्या हातात दिली. आमच्या घरात तो वास अजून आहे.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला पोचले तेव्हा माझी सगळी खोकी जागेवर लागलेली होती. तिसरा गट अजून बंदच होता. बाकीच्या दोघांनी ती सांभाळून घेतली होती. मढवींनी नियम बदलला होता का, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी तासभर समजावून सांगितलं असतं. माझ्या सासूनं त्या संध्याकाळी आपला रिपोर्ट मराठीत वाचला आणि सगळं नॉर्मल आहे हे कळल्यावर जरा नाराजच झाली.

किशोर नाशिकहून दर रविवारी फोन करतो, आता व्हिडिओवर. मढवी ऑफिसातून त्याला आठवण करून देतात, तीही चढ्या आवाजात, आमच्या डोक्यावर. आजी जाऊन पंधरवडाभर त्याच्याकडे राहूनही आल्या. परत आणायला मढवी गेले नाहीत, किशोरच सोडायला आला आणि दोन दिवस राहून गेला. मला हे मढवींनीच सांगितलं, सारखं सारखं सांगितलं, तीन वेगवेगळ्या मजल्यांवर.

मध्यंतरी एका दुपारी ते जेवायच्या वेळेला खुर्चीवरून उठलेच नाहीत. चौथ्यावर नाही, तिसऱ्यावर नाही. बॅगेतून एक भलामोठा स्टीलचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. सगळं एकात, भात, कालवण, भाकरी, एकावर एक.

"हे काय दादा? आणि फ्रीज?"

"आये ऐकत नाय," ते कुरकुरत म्हणाले. "म्हनते, कालवन एकीकडं न् भात एकीकडं, असा कोन जेवतं? मी म्हटलं, हा डबा सांडला तर सगळंच जाईल. तर म्हनते, सांडू नको."

वास सगळा आता आमच्याच मजल्यावर असतो. मी एचआरला मेल टाकायच्या विचारात होते, पण नाही टाकला.

जेवण झाल्यावर हात धुऊन ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "ती किल्ली दे माजी."

"परत हरवलीत ना? मला वाटलंच. तरी मी सांगत असते, गळ्यात अडकवा म्हणून."

"हरवली नाय. बबनदादाकडची पन आनली परत."

मी ड्रॉवर उघडून किल्ली त्यांच्या हातावर ठेवली, पण डोकं माझं फिरलंच होतं. म्हटलं, "आणि या सगळ्या एकाच जागी ठेवणार? जन्मभर मला शिकवलंत आणि आता स्वतःच ढीग करताय. हरवली म्हणजे बसाल बाहेर."

"किल्ली लागतच नाय ग आता," मढवी म्हणाले. "बेल वाजवली की आये उघडते. शिव्या देते, पन उघडते."